मधला गडी

‘न दिसणाऱ्या जखमा’ हा यंदाच्या अंकाचा विषय मुक्रर झाल्याचे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे भाच्याच्या घरी मुक्कामाला होतो. त्याच दिवशी स्वयंपाकघरातील मेजावर, मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेला एक कागद माझ्या दृष्टीस पडला. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या संघातून खेळू इच्छिणाऱ्या मुलाने व त्याच्या पालकाने, डोक्याला बसणाऱ्या आघातासंबंधी माहिती वाचून खाली सही करावी लागते. तोच हा कागद. भाच्याच्या तेरा वर्षांच्या मुलाची सही ठसठशीत अक्षरांत झालेली होती. आईबापांची जागा कोरी होती.

“चार दिवस झाले, मामा,” भाचा म्हणाला. “येता-जाता बघतो. उचलत कुणीच नाही.”

मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळायचा होता, आणि ज्या शहरात हे कुटुंब वीस वर्षे राहते आहे ते शहर या खेळाचे माहेरघर आहे. पिट्सबर्गच्या संघाचे नाव स्टीलर्स, म्हणजे पोलादवाले. पोलादाचे बहुतेक कारखाने चाळीसेक वर्षांपूर्वीच बंद पडले. परंतु संघाच्या शिरस्त्राणावर, आणि तेही एकाच बाजूला, पोलाद उद्योगाचे चिन्ह अद्याप आहे. त्या कोऱ्या जागेविषयी भाच्याला काही सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तथापि ज्या खेळाडूच्या आयुष्यामुळे, खरे म्हणजे ज्याच्या मृत्यूमुळे, असले कागद घरोघर पोचू लागले, तो याच शहरात पंधरा हंगाम खेळला, हे मला ठाऊक होते. त्याचे नाव माइक वेबस्टर. त्याचा माग काढावा असे ठरवून मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलो.

टेकडीवरची छावणी

पिट्सबर्गपासून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरांवर लॅट्रोब नावाचे लहानसे गाव आहे, आणि तेथे बेनेडिक्टाइन संन्याशांनी स्थापन केलेले सेंट व्हिन्सेंट कॉलेज आहे. लाल विटांच्या इमारती, त्यांच्यावर उठून दिसणारे गिरिजाघराचे मनोरे आणि पायथ्याशी हिरवीगार मैदाने अशा त्या परिसरात स्टीलर्स संघाची उन्हाळी छावणी गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून भरत आली आहे. सराव पाहायला पैसे पडत नाहीत. माणसे मुलाबाळांसह येऊन उताराच्या गवतावर बसतात, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर पिवळा पंचा असतो. मायरन कोप नावाच्या समालोचकाने १९७५ साली या पंचाची टूम काढली. पुढे त्याने त्यावरील आपले सर्व हक्क, त्याचा मतिमंद मुलगा ज्या संस्थेत राहत होता त्या संस्थेला देऊन टाकले. पंचा विकला गेला की पैसा आजही अपंगांच्या सेवेकडे जातो.

छावणी सुरू होते तेव्हा नव्वद खेळाडू असतात. ऑगस्ट सरता सरता संघाच्या यादीत त्रेपन्न उरतात. सोळा-सतरा जण सरावापुरते राखून ठेवले जातात आणि बाकीच्यांना निरोप मिळतो. निरोपाची रीत ठरलेली आहे: कचेरीतला एक माणूस खोलीच्या दाराशी येतो, प्रशिक्षकांनी बोलावल्याचे सांगतो, आणि डावपेचांचे पुस्तक बरोबर घ्यायला सांगतो. आता पुस्तकाच्या जागी टॅब्लेट आला आहे. पुस्तक परत मागितले म्हणजे काय ते तरण्याबांड गड्याला उमगते. आपल्याकडे वर्तमानपत्रांत या खेळाडूंच्या कोट्यवधींच्या करारांचे आकडे छापून येतात. परंतु त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत करारावर लिहिलेल्या रकमेचा काही भागच हमीचा असतो, आणि संघाने मोकळे केले की उरलेला आकडा कागदावरच राहतो. सरासरीने पाहिले तर ही चाकरी तीन-साडेतीन वर्षांची. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी किमान तीन हंगाम पदरी पडावे लागतात, म्हणजे कित्येकांची नोकरी आणि त्यांचे वर्षासन यांच्यामध्ये एखाद्या गुडघ्याएवढेच अंतर असते.

मी पाहत होतो तेव्हा शिटी झाली आणि दोन रांगा समोरासमोर ओणव्या झाल्या. शिरस्त्राणांवर जाड, मऊ, कप्पेकप्पे असलेले आच्छादन होते. २०२२ पासून छावणीत काही जागांवरच्या गड्यांना ते सक्तीचे आहे. रांगा एकमेकींवर आदळल्या. भरलेली पोती उंचावरून टाकावीत तसा दबलेला आवाज टेकडीपर्यंत आला. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पूर्वी हा आवाज असा नव्हता. इथे बसून दात शिवशिवायचे.” ते लहानपणापासून येत होते. मी वेबस्टरचे नाव काढताच त्यांनी काही न बोलता आपल्या सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत वर सरकवल्या. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी खेळणारा गडी ही त्याची ओळख शहराने अशी जपलेली आहे.

चेंडूवरचा हात

हा खेळ ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडे थांबून सांगणे भाग आहे, कारण वेबस्टरच्या कथेचे मर्म त्याच्या मैदानावरील जागेत आहे. कबड्डीत प्रत्येक चढाईनंतर खेळ जसा पुन्हा मांडला जातो, तद्वत येथेही चेंडू जिथे थांबला तिथे दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी पुन्हा समोरासमोर येतात. चेंडूवाल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. दोन फळ्यांमध्ये अंतर किती, तर जमिनीवर ठेवलेल्या चेंडूच्या लांबीएवढे. आणि त्या चेंडूवर ज्याचा हात असतो तो मधला गडी म्हणजे सेंटर.

सेंटर कंबरेत वाकतो, बोटांनी चेंडूची शिवण चाचपतो, आणि ठरलेल्या हाकेसरशी तो दोन्ही पायांमधून मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या पंजांत जोराने देतो. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. जाहिराती त्याच्या, छायाचित्रे त्याची. सेंटरचा हात मात्र त्या क्षणी मागे गुंतलेला असतो आणि समोरचा सव्वाशे किलोंचा गडी त्याच्यावर झेपावलेला असतो, म्हणून पहिला तडाखा त्याने कशाने झेलावा, तर जे पुढे असेल त्याने, म्हणजे मस्तकाने. एका सामन्यात असे साठ-सत्तर प्रयत्न होतात. प्रेक्षकांची नजर चेंडूमागे गेलेली असते, त्यामुळे या टकरी पाहणारे कोणी नसते.

वेबस्टरच्या उमेदीच्या काळात नियमही याच बाजूला झुकलेले होते. समोरच्या गड्याने शिरस्त्राणावर उघड्या पंजाचा फटका मारणे १९७७ पर्यंत नियमबाह्य नव्हते, आणि क्वार्टरबॅकचा बचाव करणाऱ्या गड्याला हात लांबवून, तळवे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मुभा मिळाली ती १९७८ साली. तोवर कोपर आणि डोके हीच त्याची आयुधे होती. त्यातही पिट्सबर्गच्या छावणीत एका गड्यासमोर एक गडी उभा करून अरुंद जागेत भिडवण्याची जी कसरत होई, तीत वेबस्टरला मागे रेटणारा क्वचितच सापडे. केसांच्या रेषेखाली त्याच्या कपाळावर जखमांच्या वणांचा एक कठीण उंचवटाच तयार झाला होता.

एवढ्या आघातांत शिरस्त्राण काय करते, असे कुणीही विचारील. ते कवटी फुटू देत नाही, आणि हे काम ते चोख बजावते. परंतु मेंदू कवटीला जखडलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. वेगात निघालेले डोके एकाएकी थांबले की आतला मेंदू थांबत नाही. तो हेलकावतो, पिळवटतो, आणि त्याचे तलम तंतू ताणले जातात. बाहेर रक्त नाही, सूज नाही. पुढच्या हाकेला गडी पुन्हा वाकलेला असतो.

बटाट्याच्या शेतावरून

विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील टोमाहॉक या गावी १८ मार्च १९५२ रोजी वेबस्टर जन्मला आणि बटाट्याच्या शेतावर कष्ट करीत वाढला. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो उत्तम सेंटर म्हणून नावाजला गेला, पण त्याची चण या जागेसाठी लहान, असा पारख्यांचा शेरा पडल्यामुळे व्यावसायिक संघांनी केलेल्या १९७४ च्या निवडीत तो पाचव्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला. पिट्सबर्गने त्याला १२५ व्या क्रमांकावर घेतले. त्या एका वर्षी या संघाने निवडलेल्या मुलांपैकी लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि वेबस्टर असे चौघे पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात (हॉल ऑफ फेम) गेले.

आपण लहान आहोत ही गोष्ट त्याने मनावर घेतली. बर्फात एकट्यानेच, ढकलण्याच्या लोखंडी घसरगाडीवर खांदे आपटीत तो सराव करी. प्रत्येक खेळीपूर्वी संघाचे कोंडाळे मोडले की आपल्या जागेकडे तो पळतच जाई, चौथ्या सत्रातही पळतच जाई, म्हणजे समोरच्याला कळावे की हा दमलेला नाही. सलग सहा हंगामांत संघाची एकही आक्रमक खेळी त्याने चुकवली नाही. सलग दीडशे सामन्यांत तो आरंभापासून खेळला, आणि ही साखळी तुटली ती १९८६ साली कोपर निखळल्यामुळे. चार सुपर बोल विजेतेपदे, नऊ वेळा मानाच्या प्रो बोल संघात निवड, पिट्सबर्गकडून २२० सामने, नंतर कॅन्सस सिटीकडून दोन हंगाम, एकूण सतरा. या सतरा वर्षांत मेंदूला धक्का बसल्याची नोंद किती वेळा झाली, हे पाहू गेल्यास दप्तर जवळजवळ कोरे आहे. मला या कोरेपणाचीच धास्ती वाटते. गडी उभा राहिला, पुढची खेळी खेळला, म्हणजे काही झाले नाही, असा तो हिशेब होता, आणि तो ठेवणाऱ्यांत वेबस्टर स्वतःही होता.

१९९१ साली तो निवृत्त झाला. त्यानंतरची दहा-अकरा वर्षे लिहिताना लेखणी जड होते. पैसा कुठे गेला ते त्याला सांगता येईना. संसार मोडला. जिने आपल्या शहराला चारदा जगज्जेतेपद दिले त्या फळीचा कणा असलेला हा माणूस कधी आपल्या मालवाहू गाडीत, तर कधी पिट्सबर्गच्या रेल्वे स्थानकावर झोपू लागला. पडलेले दात तो बाजारी डिंकाने चिकटवी. वेदनांनी झोप येईना तेव्हा विजेचा झटका देणाऱ्या उपकरणाने स्वतःची शुद्ध हरपून घेई. औषधाच्या खोट्या चिठ्ठ्या केल्याबद्दल १९९९ साली न्यायालयापुढेही उभा राहिला. या अवस्थेत तो लिहीत असे, शेकडो पाने लिहीत असे, आणि त्या पानांवर वाक्ये सुरू होऊन मध्येच वाट चुकत. त्याचा किशोरवयीन मुलगा त्याच्याजवळ राहायला आला आणि बापाचा सांभाळ करू लागला.

१९९७ च्या जुलैमध्ये कॅन्टन येथील कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला तेव्हा त्याचा परिचय करून देण्यासाठी क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ आला होता. ब्रॅडशॉने चेंडू काढला, वेबस्टर समारंभी पोशाखातच वाकला, आणि पायांमधून तो चेंडू त्याने अखेरचा एकदा आपल्या मित्राच्या हातांत दिला. त्यानंतरचे त्याचे भाषण भरकटत लांबत गेले. पण ती एक क्रिया मात्र देहाने अचूक केली. बुद्धीची वाट चुकली होती, हातांची चुकली नव्हती.

वर्षासनाची फाइल

वेबस्टरच्या वतीने बॉब फिट्सिमन्स या वकिलाने खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळाकडे अपंगत्वाचा अर्ज दाखल केला. वैद्यांचे दाखले जोडले गेले आणि त्यांत मंडळाने स्वतः नेमलेल्या वैद्याचाही होता. मेंदूचे नुकसान फुटबॉलमुळे झाले आहे याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. मंडळाने १९९९ साली अर्ज मंजूर केला, पण अपंगत्व १९९६ पासून धरले. दिसायला ही पाच वर्षांची गोष्ट. परंतु खेळत असतानाच, निदान खेळ सुटताक्षणी, अपंगत्व आले असेल तर वर्षासनाचा दर वेगळा, आणि नंतर हळूहळू आले असेल तर पुष्कळ कमी. वेबस्टरचे म्हणणे असे की १९९१ साली मैदान सोडले तेव्हाच मी कामातून गेलो होतो. मंडळाचे म्हणणे असे की तसा पुरावा दाखवा. आता गाडीत झोपणाऱ्या, बिले हरवणाऱ्या, तारखा विसरणाऱ्या माणसाने आपण केव्हापासून विसरू लागलो याचा पुरावा जपून ठेवलेला असावा, ही अपेक्षा किती निष्ठुर आहे! आपल्याकडे तालुका कचेरीत हयातीचा दाखला घेऊन उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगा मी पाहिल्या आहेत, म्हणून या फाइलीशी मी परका राहू शकलो नाही.

वाद मिटण्याआधीच, २४ सप्टेंबर २००२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, हृदय बंद पडून तो गेला. त्याच्या पश्चात दावा चालला तो जानी या आडनावाने, कारण मिळकतीचा व्यवस्थापक म्हणून त्याच्या ज्या मित्राची नेमणूक झाली त्याचे हे आडनाव, आणि ते आपल्या शेजारच्या गुजरातेतही ऐकू येते. पिट्सबर्गच्या पोलादी गड्याची कैफियत अमेरिकन न्यायालयांच्या निवाड्यांत आज या नावाखाली सापडते. बाल्टिमोरच्या न्यायालयाने २००५ साली आणि रिचमंड येथील अपील न्यायालयाने २००६ च्या डिसेंबरात निकाल मिळकतीच्या बाजूने दिला. मंडळाने आपल्याच तज्ज्ञासह सर्व वैद्यांचा एकमुखी पुरावा डावलला, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. दहा लाख डॉलरांहून अधिक थकबाकी वसूल झाली. ज्याच्यासाठी ती व्हायची तो चार वर्षांपूर्वीच गेला होता.

या प्रकरणी एक गोष्ट वाचकांनी ध्यानी धरावी. डोक्यावरील आघातांमुळे या खेळाडूला अपंगत्व आले हे मंडळाने शतक पालटण्याच्या सुमारासच लेखी मान्य केले होते. तरीही फुटबॉल आणि मेंदूचे असे विकार यांचा संबंध आहे, असे या व्यावसायिक सामन्यांचे नियंत्रण करणाऱ्या लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर प्रथम कबूल केले ते मार्च २०१६ मध्ये. सोळा-सतरा वर्षे सत्य एका फाइलीत मंजूर आणि जगात नामंजूर होते.

काचपट्ट्या

वेबस्टरच्या शवाची तपासणी ॲलेगेनी काउंटीच्या कचेरीत डॉ. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने केली. फुटबॉलविषयी त्यांना फारसे ममत्व नव्हते, हे या कामी उपकारकच ठरले असावे. त्यांनी कवटी उघडली तेव्हा मेंदू बाहेरून नेहमीसारखा दिसला. ना आक्रसलेला, ना डागाळलेला. मृत्यूचे कारण हृदयात सापडलेले असल्यामुळे फाइल येथेच बंद करण्यास कसलाही प्रत्यवाय नव्हता. परंतु मृताच्या अखेरच्या वर्षांची हकीकत त्यांच्या कानी आली होती, आणि अशा आयुष्यामागे असा निर्मळ मेंदू असणे त्यांच्या बुद्धीस पटेना. म्हणून त्यांनी मेंदू राखून ठेवला, त्याचे पातळ छेद काचपट्ट्यांवर करवून घेतले, आणि त्यासाठी पदरचे पैसे मोडले. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ नावाच्या प्रथिनाचे तपकिरी गुंते दिसले, जे पन्नाशीच्या माणसाच्या मेंदूत अशा ठिकाणी, अशा रचनेत असू नयेत. मुष्टियोद्ध्यांना होणारा असा विकार वैद्यकाला १९२८ पासून परिचित होता. पण फुटबॉलपटूच्या मेंदूत त्याची ही पहिली नोंद. ओमालू आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा लीगच्या वैद्यकीय समितीतील डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी लेखी मागणी केली. ज्या समितीने मेंदूच्या दुखापतींचा अभ्यास करायचा तिचे प्रदीर्घ काळचे अध्यक्ष संधिवाताचे तज्ज्ञ होते. निबंध मागे घेतला गेला नाही.

या विकाराने ग्रासलेल्यांची पुढची नावे शहराला पाठ आहेत. त्यांतील एक मला सोडीत नाही. डेव्ह ड्यूअरसन हा शिकागोच्या संघाचा नामांकित बचावपटू. निवृत्तीनंतर खेळाडूंच्या अपंगत्वाचे अर्ज ज्या मंडळापुढे येत त्याच मंडळावर तो बसत असे. २०११ च्या फेब्रुवारीत त्याने स्वतःवर गोळी झाडली, ती छातीत, आणि आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असे लिहून ठेवले. तपासणीत तोच विकार निघाला. इतरांचे अर्ज वाचता वाचता या माणसाला आपल्या आतले काय काय वाचता आले असेल?

बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंचा अहवाल दिला. ११० जणांत विकार सापडला. येथे न्यायबुद्धीने एक सांगितले पाहिजे की हे मेंदू ज्यांच्या घरच्यांना शंका होती त्यांनीच बहुशः दिलेले होते, त्यामुळे शंभरातल्या इतक्यांना हा विकार होतोच असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय जिवंतपणी याचे निश्चित निदान करण्याची सोय अजून झालेली नाही. हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यांतून जी तडजोड झाली तिच्याविषयी मात्र माझ्या मनात संताप आहे. स्मृतिभ्रंशाची भरपाई ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूची मूळची बुद्धीच कमी प्रतीची धरण्याचा कोष्टकी प्रघात तीत वापरला जात होता, म्हणजे तेवढेच नुकसान झालेल्या दोघांत गोऱ्याला भरपाई आणि काळ्याला नकार. केव्हिन हेन्री आणि नाजेह डॅव्हनपोर्ट या पिट्सबर्गच्याच दोन माजी खेळाडूंनी २०२० साली याविरुद्ध फिर्याद केली, आणि पुढच्या वर्षी लीगने हा प्रघात बंद करण्याचे मान्य केले.

बावन्न

कॅन्टनचे कीर्तिमंदिर पाहायला मी भाच्याबरोबर गेलो. अर्धप्रकाशित दालनात कांस्याचे अर्धपुतळे ओळीने मांडलेले आहेत; माणसे तेथे आपोआप हळू बोलतात. वेबस्टरसमोर एक म्हातारा आपल्या नातीला उचलून उभा होता. मी त्या धातूच्या कपाळाकडे पाहत राहिलो. भाच्याने छायाचित्र काढले नाही.

परतताना पिट्सबर्गमध्ये नदीकाठी थांबलो. दोन नद्यांचा संगम होऊन जेथे ओहायो जन्मते तेथे उत्तर तीरावर नवे मैदान आहे. वेबस्टर ज्यावर खेळला ते जुने मैदान २००१ साली सुरुंगांनी पाडले, आणि त्या जागी आता गाड्यांचे तळ आणि इमारती आहेत. दुकानांतून नव्या-जुन्या खेळाडूंचे सदरे टांगलेले होते. वेबस्टरचा क्रमांक बावन्न. संघाने तो रीतसर निवृत्त केल्याचा ठराव नाही. परंतु तो गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या पाठीवर तो आकडा चढवलेलाही नाही. न लिहिलेल्या गोष्टीने त्याचे इतके नुकसान केले, त्याच्या वाट्याला आलेला हा एक मान तेवढा न लिहिता पाळला जातो आहे.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. कागद बरणीखालीच होता. भाचेसुनेने ताटे मांडता मांडता तो उचलला, पुन्हा वाचला, आणि पुन्हा तेथेच ठेवला. “ह्याला नाही म्हटलं तर हा माझ्याशी बोलणार नाही,” ती म्हणाली, “आणि हो म्हटलं तर मला झोप लागणार नाही.” भाचा काही बोलला नाही.

मुलगा चेंडू घेऊन आला. “आजोबा, तुम्हाला दाखवू? मागे उभे राहा. हात असे, मनगटं जुळवून.”

मी त्याच्या मागे उभा राहिलो. तो दिवाणखान्याच्या मधोमध वाकला, बोटांनी शिवण शोधली, आणि आपणच हाक देऊन चेंडू मागे दिला. माझे तळवे झिणझिणले. चेंडू हातात आला त्याच क्षणी त्याची मान वर उचलली गेली होती आणि कपाळ पुढे झाले होते, जिथे समोर कुणीही नव्हते, फक्त भिंत होती.